बाटलीतले बटाटा बेणे बांधावर येईपर्यंत

मृगाचा पाऊस झाला आणि वाफसा आला, की आंबेगाव-खेडच्या सातगाव पठारावर बटाटा लागवडीची एकच घाई उडते. त्याआधीच पंजाबातून, बहुतेक जालंधर भागातून, बेण्याचे ट्रक मंचरच्या बाजारात उतरलेले असतात. शेतकरी कट्टा उसवतो, चार बटाटे हातात घेऊन डोळे बघतो, नखाने साल दाबतो आणि सौदा करतो. बटाट्याच्या आत कोणता रोग दडला आहे, हे मात्र ना घेणाऱ्याला दिसत, ना विकणाऱ्याला.

गेल्या काही वर्षांत बेण्याच्या व्यवहारात एक नवा शब्द शिरला आहे : ‘टिश्यू’. "हे साधं नाही, टिश्यूचं आहे," असे म्हटले की कट्ट्याचा भाव चढतो. मागे एका बेणेबाजारात (कुठल्या, ते महत्त्वाचे नाही) प्रस्तुत लेखकाने विचारले, "टिश्यूचं आहे हे ठीक, पण कितवी पिढी?" दुकानदार हसला. "साहेब, टिश्यू म्हणजे टिश्यू. त्याला पिढी कसली?" शेजारी एक म्हातारे बाबा कट्ट्यावर टेकून उभे होते. ते म्हणाले, "तसं कसं? कलमी आंबा म्हटला तरी कलम कुणाचं, ते सांगावंच लागतं की."

बाबांचे बरोबर होते. ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या बेण्याबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, आता बटाट्याचा प्रश्न मिटला. दुसरा म्हणतो, सगळी लूट आहे, एकदा आणले आणि साध्याइतकेच निघाले. दोघांचेही अनुभव खरे असू शकतात, कारण प्रयोगशाळा आणि शेतकऱ्याचा बांध यांच्यामध्ये तीन-चार वर्षांचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर बेण्याचे काय होते, याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

बेणे खालावते का?

बटाट्याला एकरी साधारण १० क्विंटल बेणे लागते. लागवडीच्या एकूण खर्चात ४० ते ५० टक्के वाटा एकट्या बेण्याचा असतो. खत कमी पडले तर मागून देता येते, पाणी एखादी पाळी चुकले तरी पीक सावरते. बेणे चुकले तर त्या हंगामात इलाज नाही.

ज्वारी-बाजरीत दाणा पेरतो आणि झाडाचे बरेचसे रोग दाण्यात उतरत नाहीत. बटाट्यात आपण झाडाचा तुकडाच पुरतो. त्यामुळे झाडात जे काही असेल, ते जसेच्या तसे पुढच्या पिकात जाते. विषाणू तर हमखास जातो. मोझॅक म्हणजे पानावर पिवळे-हिरवे डाग पाडणारा, पान कडक करून वर गुंडाळणारा, शेंडा बोकडल्यासारखा करणारा, असे त्यांचे प्रकार आहेत. काही विषाणू सौम्य असतात, झाड बाहेरून चांगले दिसते आणि उत्पन्न दहा-वीस टक्क्यांनी गुपचूप घटते. मोझॅकचा कडक प्रकार आणि पान गुंडाळणारा विषाणू बेण्यातूनच आले, तर निम्म्याहून अधिक उत्पन्न जाऊ शकते. घरचे बेणे दोन-तीन वर्षे वापरले की माल बारीक पडत जातो, गोळी वाढते, हा सगळ्यांचा अनुभव आहे. जमीन थकली म्हणून आपण खत वाढवतो. पुष्कळ वेळा थकलेले असते ते बेणे.

यात मावा हा मुख्य वाहतूकदार. आणि इथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घ्यावी. पान गुंडाळणारा विषाणू माव्याच्या अंगात भिनायला काही तास लागतात, म्हणून तिथे कीटकनाशकाचा उपयोग होतो. कडक मोझॅकचा विषाणू मात्र मावा एका झाडावर सोंड टेकवतो आणि क्षणात उचलतो, दुसऱ्या झाडावर टेकवतो आणि क्षणात सोडतो. फवाऱ्याने तो मावा तासाभराने मरेलही, तोवर त्याचे काम झालेले असते. दुकानदाराने ‘व्हायरसचे औषध’ म्हणून बाटली हातात दिली, तर ती खिशात परत जाऊ द्यावी हे बरे. झाडात शिरलेल्या विषाणूवर शेतात मारायचे औषध नाही.

आपल्या भागाचा आणखी एक जुना वैरी म्हणजे बांगडी. बटाटा आडवा कापला की आत तपकिरी कडे दिसते, म्हणून हे नाव. हा जिवाणू बेण्यातून येतो, जमिनीत राहतो, आणि बेण्याच्या फोडी करताना विळ्याच्या पात्यावरून एका बटाट्यातून पुढच्या दहांत जातो. खरिपात अख्खा बटाटा लावावा असे जे सांगतात, त्याचे फोडी कुजण्याइतकेच हेही एक कारण आहे.

बाटलीत काय होते

फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन या दोघा शास्त्रज्ञांनी १९५२ साली डेलियाच्या रोगट झाडाच्या शेंड्याचे टोक काचेच्या नळीत वाढवून निरोगी झाड मिळवले. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तीच युक्ती बटाट्यावर केली. शेंड्याच्या अगदी टोकाला पेशी इतक्या झपाट्याने वाढत असतात आणि तिथे रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात, की विषाणू सहसा तिथवर पोचत नाही. ते टोक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे असते, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने काढावे लागते. त्याआधी झाड काही आठवडे उष्ण जागेत ठेवतात, किंवा अन्नद्रव्यात विषाणूरोधक औषध घालतात. ते टोक साखर, क्षार आणि वाढीची संजीवके असलेल्या जेलीवर वाढते आणि काही महिन्यांत बोटभर रोप होते.

ते रोप निरोगी आहे असे इथे धरून चालत नाहीत. टोक घेतले तरी विषाणू राहून जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक रोपाची एलायझा व पीसीआर पद्धतीने तपासणी होते. जे पास होईल, तेच मातृरोप. मग त्याचे पेरापेराने तुकडे करून नव्या बाटल्यांत लावतात. तीन-चार आठवड्यांत प्रत्येक तुकड्याचे पुन्हा रोप, पुन्हा तुकडे. शेतात बटाटा एका हंगामात वजनाने सात-आठ पट वाढतो. बाटलीत तो महिन्याला तिप्पट-चौपट होतो आणि हंगामाची वाट बघत नाही.

यातली मेख अशी, की बाटली निर्जंतुक असणे आणि रोप विषाणूमुक्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी न करता रोगट शेंडा बाटलीत घातला, तर पांढऱ्या कोटातली माणसे, एसीची खोली, सगळे असूनही रोगट रोपांच्याच हजार नकला निघतील. टिश्यू कल्चर हे नक्कल काढायचे यंत्र आहे. मूळ प्रत शुद्ध आहे की नाही, ते तपासणीने ठरते.

बाटलीतली रोपे पुढे बारीक जाळीच्या घरात कोकोपीटमध्ये लावतात. तिथे प्रत्येकाला आठ-दहा लहान गोळ्या धरतात. त्यांना मिनिट्यूबर म्हणतात, आपण बेणेगोळी म्हणू. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने मातीशिवाय, मुळ्या हवेत लोंबत ठेवून त्यांवर अन्नद्रव्याचे तुषार मारायची एरोपोनिक्स पद्धतही बसवली आहे. तीत एका रोपाला ३५ ते ६० गोळ्या मिळतात, कारण तयार गोळी खुडून घेतली की झाड पुन्हा धरते.

केळीसारखे नाही, उसासारखे

आपल्याकडे टिश्यू कल्चर म्हटले की जळगावची जी-नाइन केळी आठवते. तिथे हिशोब सरळ आहे. प्रयोगशाळेतले रोप पिशवीत वाढवले, शेतकऱ्याने तेच शेतात लावले. बटाट्याचेही तसेच असेल या समजुतीतून सगळा घोटाळा होतो.

६० बाय २० सेंटिमीटरवर लागवड धरली तर एकरात ३३ हजारांवर झाडे बसतात. बेणेगोळीला समजा एकच रुपया पडला, तरी एकरी ३३ हजार रुपये नुसते बेण्याचे, आणि गोळी इतकी बारीक की पहिल्या हंगामात बाजाराजोगा माल कमीच. म्हणून प्रयोगशाळेतली गोळी शेतकऱ्याला थेट मिळत नाही. जाळीघरातल्या गोळीला शून्यावी पिढी म्हणतात. ती शेतात लावून पहिली, तिच्यापासून दुसरी, मग तिसरी. शेतकऱ्याच्या हाती येते ते तिसऱ्या-चौथ्या पिढीचे बेणे. ते टिश्यूचेच असते, नातवंड म्हणून. मधल्या प्रत्येक हंगामात ते उघड्या शेतात, माव्याच्या तोंडी असते.

याला जवळचे उदाहरण उसाचे आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची ऊतिसंवर्धित रोपे कारखाने नेतात, त्यांचा मूलभूत बेणे मळा करतात, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित, आणि मग ते बेणे सभासदाच्या शेतात येते. या त्रिस्तरीय बेणे मळ्यामागे कारखाना उभा असतो, कारण उसाचा उतारा पडला तर त्याचेही नुकसान आहे. बटाट्याला असा कारखाना नाही. वेफर्सच्या कंपन्या करारातल्या शेतकऱ्यांना बेणे पुरवतात, पण ते त्यांच्या वाणाचे आणि त्यांच्या गरजेपुरते. बाकीच्यांसाठी मधल्या पिढ्या कोणी सांभाळल्या, रोगट झाडे उपटली की नाही, हे सांगणारा कोणी नाही. व्यापाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा धंदा कट्टा विकला की संपतो.

पंजाबचे बेणे चांगले का, याचे उत्तरही शिस्तीत आहे. पूर्वी बेणे थंड डोंगरातूनच आणावे लागे. मैदानात मावा फार, तिथे बेणे होणारच नाही असे मानत. डॉ. पुष्करनाथ यांनी दाखवून दिले, की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर माव्याचे प्रमाण नगण्य असते. तेवढ्या काळात पीक घ्यायचे, आणि १०० पानांवर २० मावा होण्याच्या आत पाला कापून टाकायचा. बटाटा आणखी वाढला असता हे दिसत असताना कापायचा. पाला नाही, म्हणजे मावा विषाणू सोडणार कुठे? मग साल पक्की झाल्यावर काढणी आणि शीतगृह. ही ‘सीड प्लॉट’ पद्धत पाळणाऱ्याचे बेणे आणि खाण्याचा माल काढून उरलेली गोळी बेणे म्हणून भरणाऱ्याचे बेणे, दोन्ही जालंधरचेच. कट्ट्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

पंजाबने २०२० साली ऊतिसंवर्धित बटाटा बेण्यासाठी स्वतंत्र कायदा केला, देशात पहिला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांची प्रमाणीकरण व्यवस्था २००६ पासून आहेच. पण ती प्रयोगशाळेच्या दारापर्यंत. दाराबाहेर जाळीघर आणि शेतातल्या पिढ्या यांच्यावर नजर हवी, हे पंजाबने ओळखले, कारण बेणे विकणे हा त्यांचा धंदा आहे. विकत घेणाऱ्या राज्याने मात्र ते ओळखू नये, हे नवल.

आपल्याकडे होईल का?

इथे उगाच स्वप्ने दाखवण्यात अर्थ नाही. दख्खनच्या पठारावर रब्बीत, नेमका डिसेंबर-फेब्रुवारीत, मावा असतो. खरिपात पाऊस मावा धुऊन नेतो, तर करपा आणि बांगडी डोके काढतात. सप्टेंबरात काढलेला बटाटा सहा-आठ आठवडे झोपेत असतो, रब्बीच्या वेळेवर डोळे फोडील याची खात्री नाही. फेब्रुवारीत काढलेला जूनपर्यंत ठेवायचा, तर अरणीत उन्हाळाभर पाकोळी त्याला सोडत नाही. शीतगृह लागणारच. तेव्हा तालुक्याची सगळी गरज इथेच भागवू, हे म्हणणे फार धाडसाचे. पण थोडे बेणे, मोजके, शुद्ध, एक-दोन पिढ्यांचे, हे शक्य आहे असे माझे मत आहे.

कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याची स्थिती आपल्यासारखीच आहे. खरिपाचा बटाटा, जालंधरचे बेणे आणि करप्याचा मार. तिथल्या फलोत्पादन संशोधन केंद्राने आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या मदतीने वेगळी वाट काढली. प्रयोगशाळेतून फक्त मातृरोपे आणायची. जाळीघरात त्यांचे शेंडे खुडून ट्रेमध्ये कोकोपीटवर लावायचे, मुळ्या फुटल्या की शेतकऱ्याला टोमॅटोच्या रोपासारखे रोप द्यायचे. एका रोपाला दहाच्या आसपास बटाटे लागतात आणि ते पुढच्या हंगामाचे बेणे होतात. रोपवाटिकेचे हे काम नारायणगाव-जुन्नरकडच्या टोमॅटोवाल्यांना कोणी शिकवायला नको. हरियाणातल्या कर्नालजवळच्या शामगढ केंद्रातही एरोपोनिक्स आणि ही रोपे, दोन्हींवर काम चालते.

गटाने करायचे तर आकडा असा. १,००० निरोगी बेणेगोळ्या आणल्या आणि झाडाला सरासरी ७ बटाटे धरले, तर पहिल्या हंगामाला ७ हजार, दुसऱ्याला ४९ हजार, तिसऱ्याला ३ लाख ४३ हजार. म्हणजे तीन हंगामांत सुमारे दहा एकरांचे बेणे. कागदावरच्या या हिशोबात सड, मर, उपटून टाकलेली झाडे धरलेली नाहीत. तीनचतुर्थांश पदरात पडले तरी पुष्कळ. पहिला हंगाम जाळीतच काढावा. एवढ्या गोळ्यांना गुंठ्याहून थोडी अधिक जागा लागते. दुसरा-तिसरा हंगाम वांगी, टोमॅटो, मिरची आणि खाण्याच्या बटाट्यापासून लांबच्या रानात. पिवळे चिकट सापळे लावून माव्यावर लक्ष ठेवायचे, बोकडलेले झाड दिसले की बटाट्यासकट उपटून पुरायचे, आणि वेळ आली की पाला कापायचा. या शेवटच्या कामाला छाती लागते. भरात आलेले हिरवे पीक कापायला हात धजत नाही, घरचे लोक वेड्यात काढतात. गटात हे आधी ठरले नसेल तर गोळ्या आणूच नयेत.

वाणाबाबत एक सावधगिरी. गुजरातेतल्या बटाटा उत्पादकांवर २०१९ साली पेप्सिको कंपनीने आपला नोंदणीकृत वाण लावला म्हणून कोटी कोटी रुपयांचे दावे लावले होते. गवगवा झाल्यावर ते मागे घेतले. त्या वाणाची नोंदणी २०२१ मध्ये प्राधिकरणाने रद्द केली, तर जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला संरक्षित वाणाचे बेणे राखण्याचा, लावण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. छाप मारून, ब्रँड करून विकण्याचा नाही. गटाच्या नावाचे लेबल लावून विकायचे असेल, तर सिमल्याच्या संस्थेचा ‘कुफरी’ वाण घ्यावा आणि परवाना काढावा, म्हणजे कोर्टाची पायरी दूर राहील.

ज्यांना विकतच घ्यायचे आहे

बहुतेकांना यंदाही बेणे विकतच घ्यावे लागणार. तेव्हा निदान टॅग बघावा. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. हिरवा टॅग म्हणजे विकणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सत्यप्रत म्हणून दिलेले. टॅगच नसेल आणि कट्ट्यावर नुसते ‘टिश्यू’ लिहिले असेल, तर त्या शब्दाचे जादा पैसे मोजू नयेत. बिलावर वाण, लॉट आणि पिढी लिहून मागावी. लिहून द्यायला दुकानदार का कू करू लागला, तर त्यातच उत्तर आले.

बाजार समित्यांनी ठरवले तर हे एका ठरावाने होईल. बेण्याच्या प्रत्येक पावतीवर गाव, वाण, पिढी हे तीन रकाने. सरपंच व ग्रामसेवकांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आणि तालुक्याच्या बियाणे तक्रार निवारण समितीकडे अर्ज कसा करायचा हे फलकावर लावावे. तक्रार पीक उभे असताना करावी लागते. बटाटा काढून झाल्यावर समिती येऊन बघणार काय? बिल, टॅग आणि कट्ट्यातले पाच-दहा बटाटे जपून ठेवले नाहीत, तर पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही.

कृषी सहायकांना एक विनंती. लागवडीनंतर ३५-४० दिवसांनी, सऱ्या पाल्याने बुजायच्या आत, गावातल्या पाच-सहा शेतांत प्रत्येकी १०० झाडे ओळीने मोजावीत आणि त्यांत बोकडलेली, पान गुंडाळलेली, पिवळे डाग पडलेली किती, ते लिहावे. शेजारी बेणे कुठून घेतले, कोणती पिढी सांगितली होती, हेही लिहावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे. शेतकऱ्यांनी आपल्या वहीत हेच करून त्याच पानावर कट्ट्याचा टॅग चिकटवावा, आणि पुढच्या मे महिन्यात बेण्याच्या सौद्याला जाताना ती वही बरोबर न्यावी.